शंभर-सव्वाशे मोटरहोमचा मेळावा भरवायचाय, कुठून सुरुवात करायची?

चाकांवरचं_बिऱ्हाड
मंडळी नमस्कार. आपल्या मोटरहोम (आत राहता-झोपता येणाऱ्या गाड्या) क्लबचा पुढचा मोठा मेळावा घ्यायची जबाबदारी आमच्या पाच जणांच्या गटाकडे आलीये. तीन रात्री मुक्काम. चौकशी करणाऱ्यांची संख्या बघता शंभर ते सव्वाशे गाड्या सहज होतील असं दिसतंय. पंधरा-वीस गाड्यांच्या भेटी आपण सगळेच करत आलोय, त्यात मैदान ठरवलं की झालं, गाड्या येतात, लागतील तशा लागतात, कोणाला काही कमी पडलं तर शेजारी देतो. पण शंभर म्हटल्यावर हे असं चालणार नाही एवढं कळतंय.

दोन मैदानं बघितली आहेत. एक प्रचंड मोठं, गवताचं, दोनशे गाड्या उभ्या राहतील पण नळ एकच आणि बाकी काही नाही. दुसरं लहान, मालक म्हणतो साठ गाड्या बसतील, आत पक्का रस्ता आहे, चार नळ आहेत, टॉयलेट कॅसेट (गाडीतल्या संडासाची काढता येणारी टाकी) रिकाम्या करायच्या दोन जागा आहेत, विजेची एक छोटी जोडणी आहे. गटातल्या चौघांचं मत मोठ्या मैदानाकडे आहे, कारण कोणाला नाही म्हणावं लागणार नाही. मला मात्र धाकधूक वाटतेय. ज्यांनी मोठे मेळावे घेतलेत त्यांनी प्लीज सविस्तर लिहा.

गवतावरचा
मोठं मैदान घ्या, डोळे झाकून. क्लबचा मेळावा म्हणजे सगळ्या क्लबचा. निम्म्या लोकांना जागा नाही म्हणून कळवलंत तर ते पुढच्या वेळी विचारणारही नाहीत. आपल्या गाड्यांत पाणी, वीज, संडास सगळं असतंच की, त्यासाठीच तर घेतल्यात. मैदान फक्त मोकळं आणि सपाट पाहिजे.

जुना_चालक
बिऱ्हाडताई, धाकधूक योग्य आहे. मैदानात किती गाड्या मावतात हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायचा. आधी विचारायचं की रोज किती गाड्यांची घाण बाहेर जाऊ शकते आणि किती गाड्यांना पाणी मिळू शकतं. त्यातला जो आकडा सगळ्यात लहान तो तुमच्या मेळाव्याचा आकडा.

गवतावरचे म्हणतात तसं गाडीत सगळं असतं हे खरं, पण ते सगळं टाक्यांमध्ये असतं आणि टाकी एक तर भरते नाहीतर संपते. कॅसेट साधारण १८ ते २० लिटरची. दोन माणसं असतील तर दोन-तीन दिवस जाते. आता तीन रात्रींच्या मेळाव्यात काय होतं बघा, सगळे एकाच दिवशी आलेले, सगळ्यांच्या कॅसेट रिकाम्या किंवा अर्ध्या, त्यामुळे सगळ्यांच्या एकाच सकाळी भरतात. एक कॅसेट ओतायची, खळखळून धुवायची, परत औषध घालायचं, घाई केली तरी चार मिनिटं. शंभर गाड्या गुणिले चार म्हणजे ४०० मिनिटं, पावणेसात तास. एका जागेवर. लोक पावणेसात तास रांगेत उभे राहत नाहीत. मग कोणीतरी झाडामागे ओततो आणि ते मैदान क्लबला कायमचं बंद होतं. हे मी होताना पाहिलंय.

लहान मैदानात साठ गाड्या आणि दोन जागा, म्हणजे दोन तासांत काम होतं. हा फरक आहे.

पाण्याचंही तसंच. नळाला दाब चांगला असेल तर मिनिटाला दहाएक लिटर धरा. शंभर लिटरची टाकी भरायला दहा मिनिटं. शंभर गाड्या एका नळावर म्हणजे १,००० मिनिटं, साडेसोळा तासांच्या वर. चार नळ आणि साठ गाड्या असतील तर अडीच तास.

गवतावरचा
काका, टँकर मागवता येतो की. पाण्याचाही आणि मैला उपसायचाही.

जुना_चालक
येतो, जरूर येतो. पण भरलेला टँकर गवतावर आत आणायचा म्हणजे किती वजन ते बघा. दहा हजार लिटर पाणी म्हणजे दहा टन नुसतं पाणीच, टँकर वेगळा. आदल्या दिवशी पाऊस पडला असेल तर तो गेटपाशीच रुतेल आणि मग आतल्या गाड्या आत, बाहेरच्या बाहेर. आत पक्का रस्ता नसलेल्या मैदानात टँकरच्या भरवशावर सव्वाशे गाड्या बोलावू नका असं माझं स्पष्ट मत आहे.

लांबलचक
पाण्याबद्दल एक. बरेच आयोजक कळवतात की टाकी भरून या. बरोबरच आहे, पण १०० लिटर म्हणजे १०० किलो. ज्यांच्या गाड्यांची मर्यादा ३,५०० किलो आहे त्यांच्याकडे माणसं, सायकली, खुर्च्या, गॅस, ऑनिंग (गाडीच्या कडेला उघडायचं कापडी छत) धरून शिल्लक फारच थोडी उरते. लांबून येताना भरलेली टाकी घेऊन धावायचं म्हणजे ओव्हरलोड. म्हणून सूचना अशी द्या की मैदानाच्या अलीकडे शेवटच्या टप्प्यावर टाकी भरा, आणि ते ठिकाण कुठलं, तिथे लांब गाडी वळते का, हे आयोजकांनीच आधी बघून कळवा. माझी गाडी नऊ मीटर आहे, "जवळपास कुठेही मिळेल पाणी" असं वाचलं की मला घामच फुटतो.

शिवाय नोंदणीच्या फॉर्ममध्ये गाडीची लांबी, उंची, वजन विचाराच. लांबी मागचा सायकल रॅक धरून आणि उंची एसी किंवा डिश धरून. कागदपत्रातली लांबी लोक लिहितात आणि प्रत्यक्षात गाडी मीटरभर जास्त निघते.

रात्रपाळी
मी अग्निशमनात स्वयंसेवक म्हणून काम करतो, त्यामुळे माझा पहिला प्रश्न वेगळा आहे. साठ गाड्या बसतील हे कोणी मोजलं आणि दोन गाड्यांमध्ये किती अंतर धरून?

ब्रिटनमधल्या मोठ्या कॅरॅव्हॅन क्लबांचा वर्षानुवर्षांचा नियम आहे, शेजारच्या दोन गाड्यांच्या समोरासमोरच्या भिंतींमध्ये किमान ६ मीटर, आणि ऑनिंग वगैरे उघडल्यावरही मध्ये ३ मीटर पूर्ण मोकळे. मोकळे म्हणजे त्यात कार नको, तंबू नको, सिलिंडर नको. हा आकडा उगाच आलेला नाही. मोटरहोमच्या आत प्लायवूड, फोम, प्लास्टिक, पडदे, सगळं जळणारं. एकदा पेट घेतला की काही मिनिटांत पूर्ण गाडी जाते. तेव्हा प्रश्न एवढाच असतो की शेजारची वाचते का. सहा मीटर असतील तर वाचायची शक्यता चांगली. दोन मीटर असतील तर वाऱ्याच्या दिशेने रांगच जाते.

आणि रांगांमधला रस्ता बंबाला शिरता येईल एवढा, चार मीटरच्या आसपास पूर्ण मोकळा हवा, रात्रीसुद्धा. लोक रात्री रस्त्यात खुर्च्या मांडून बसतात आणि तशाच टाकून झोपायला जातात, त्यासाठी एक फेरी मारायला माणूस ठेवा.

चाकांवरचं_बिऱ्हाड
रात्रपाळीदादा, हे विचारलंत ते बरं केलंत, मालकाच्या शब्दावर साठ धरले होते. या रविवारी आम्ही टेप आणि फक्की घेऊन जातो आणि मोजून येतो.

दोन_पोरं_एक_गाडी
मोजायला जाताय तर मुलांसाठी जागा कुठे आहे तेही बघून ठेवा ना. मेळाव्यात मुलं पहिल्या दिवसापासून मोकळी सुटतात, सायकली घेऊन, आणि मोठ्यांना वाटतं इथे सगळे आपलेच आहेत. पण मोटरहोम मागे घेताना चालवणाऱ्याला मागचं सायकलवरचं पोर दिसतच नाही, कॅमेरा असला तरी कडेचं दिसत नाही. माझी कळकळीची विनंती आहे की नियम लेखी करा, आत चालण्याच्या वेगाने गाडी, मागे घेताना एक माणूस खाली उतरून उभा, आणि अंधार पडला की मैदानात एकही गाडी हलणार नाही. उशिरा येणाऱ्यांसाठी गेटजवळ वेगळी जागा ठेवा, रात्र तिथे काढतील, सकाळी आत येतील.

खेळायची जागा गेटपासून लांब, आणि तिथे जायला गाड्यांचा रस्ता ओलांडावा लागू नये. ऑनिंगच्या दोऱ्यांना रंगीत कापडाच्या पट्ट्या बांधायला सांगा, संध्याकाळी पळताना गळ्याच्या उंचीवर येतात त्या.

नवखी_स्वारी
खूप उपयोगी धागा, सगळं वाचतेय. आमची छोटी व्हॅन आहे, नवीनच घेतलीये, आत संडास नाही, फक्त पोर्टेबल आहे. अशांनी यावं का? आणि खरं सांगायचं तर सगळे एकमेकांना ओळखणारे असतात, आपण तीन दिवस कोपऱ्यात बसून राहू अशी भीती वाटते.

जुना_चालक
यावं. नक्की यावं. क्लब पुढे चालायचा असेल तर तुम्हीच यायला हव्यात. पोर्टेबल त्याच जागी ओततात, काही अडचण नाही.

आणि आयोजकांना सांगतो, नवीन सदस्यांना शेवटच्या रांगेत टाकू नका. प्रत्येक नव्या गाडीशेजारी एक जुनी गाडी लावा आणि त्या जुन्या माणसाला आधीच सांगून ठेवा की ही तुझी जबाबदारी. कार्यक्रम वगैरे सगळं नंतर, पहिल्या संध्याकाळी कोणीतरी दारात येऊन "चाकाखालचा रॅम्प नीट बसला का, काही हवंय का" विचारलं की माणूस क्लबचा होतो.

वायरमन
विजेवर कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो, माझं रोजचं काम आहे हे.

१६ अँपिअरचं हुकअप (गाडीला बाहेरून द्यायची वीजजोडणी), २३० व्होल्ट, म्हणजे ३.६८ किलोवॅट एका गाडीला. साठ गाड्या म्हणजे २२० किलोवॅटच्या वर. सगळे एकदम पूर्ण भार घेत नाहीत हे मान्य, पण संध्याकाळी सात वाजता मात्र सगळे एकदमच घेतात, किटली, हीटर नाहीतर एसी, हेअर ड्रायर. १०० केव्हीएचा मोठा जनरेटर आणला तरी हातात येतात साधारण ८० किलोवॅट. गाडीमागे ६ अँपिअर दिले तरी १,३८० वॅट, साठांचे झाले ८३ किलोवॅट, म्हणजे तोही पुरत नाही, आणि ६ अँपिअरवर कोणी २,००० वॅटची किटली लावली की त्याची ट्रिप होणार आणि तो रात्री आयोजकांना शोधत फिरणार.

म्हणून माझं म्हणणं, सगळ्यांना वीज द्यायच्या भानगडीत पडू नका. मेळावा विनावीज म्हणून जाहीर करा. मैदानातली जी छोटी जोडणी आहे ती फक्त ज्यांना तब्येतीसाठी लागते त्यांना, झोपेत श्वासाचं मशीन लावणारे, ऑक्सिजनचं मशीन असणारे, औषधं थंड ठेवावी लागणारे. फॉर्ममध्ये तसा रकाना ठेवा, कारण विचारू नका, माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवा.

बाकीच्यांनी बॅटरीचा हिशोब घरून करून यायचा. १०० अँपिअर-अवरची साधी लेड-अ‍ॅसिड बॅटरी असेल तर निम्मीच वापरावी, म्हणजे साधारण ६०० वॅट-अवर. त्यात दिवे, पंप, फोन तीन रात्री आरामात निघतात, पण फ्रिज कॉम्प्रेसरवाला असेल तर तो एकटाच दीड-दोन दिवसांत बॅटरी बसवतो. तेवढ्याच लिथियम बॅटरीतून हजाराच्या वर मिळतात. फ्रिज गॅसवर चालणारा असेल तर प्रश्नच नाही. सोलर असेल तर गाडी झाडाखाली लावू नका एवढंच, सावली सुखाची वाटते पण पॅनल झोपतं.

आणि जिथे वीज द्याल तिथे ३० मिलिअँपिअरचं गळतीवर तुटणारं ब्रेकर हवंच हवं. वायरचं रीळ पूर्ण उलगडून टाकायचं, गुंडाळलेल्या रिळातून भार घेतला की ते आतून तापतं आणि वितळतं. एका गाडीतून दुसऱ्या गाडीला वायर द्यायची नाही. २.५ चौरस मिलिमीटरची वायर १०० मीटर ओढली आणि पूर्ण १६ अँपिअर घेतले तर टोकाला २०० व्होल्टच उरतात, मग एसी चालू होत नाही आणि लोक म्हणतात वीज खराब आहे.

लांबलचक
वायरमन, विनावीज म्हणजे मग सगळे आपापले छोटे जनरेटर लावणार. पन्नास जनरेटर घुरघुरत असतील तर मेळाव्यात बोलायचं कसं?

वायरमन
रास्त आहे. दोन उपाय. एक तर जनरेटरवाल्यांची रांग वेगळी, वाऱ्याच्या खालच्या बाजूला, बाकीच्यांपासून लांब. आणि वेळ ठरलेली, सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास, त्याबाहेर एकही मिनिट नाही. पूर्ण बंदी घालू नका, बंदी घातली की लोक लपूनछपून ऑनिंगच्या आत लावतात आणि ते सगळ्यात वाईट.

रात्रपाळी
वायरमन बोलले ते शेवटचं वाक्य ठळक करून छापा. जनरेटर, शेगडी, कोळशाचं बार्बेक्यू, काहीही ऑनिंगच्या किंवा तंबूच्या आत नाही, विझल्यासारखं दिसत असलं तरी नाही. धुमसणारा कोळसा रात्रभर कार्बन मोनॉक्साइड सोडत राहतो. त्याला वास नाही, रंग नाही, झोपलेला माणूस झोपेतच जातो. तसंच आपला जनरेटर शेजाऱ्याच्या खिडकीखाली लागलाय का हेही बघा, धूर तुमच्या गाडीत येत नसेल पण त्याच्या गाडीत जात असेल. प्रत्येक गाडीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म असावा ही नोंदणीची अट करा, आणि त्याचं बटण दाबून बघून निघायचं.

गॅसचंही. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर वर उडून जात नाही, खाली साचतो, खड्ड्यात, गटारात, गाडीच्या तळाशी. म्हणून उतारावरची खोलगट जागा दिसली की तिथे गाड्या लावू नका. येतानाच सगळ्यांनी साबणाच्या पाण्याने जोड तपासून यावं, बुडबुडा आला की गळती. थंडीचे दिवस असतील तर शुद्ध ब्युटेन घेऊन येणाऱ्यांना सांगा, शून्याच्या आसपास ब्युटेनचा गॅस होणंच थांबतं, पहाटे हीटर बंद पडतो. प्रोपेनला ती अडचण नाही.

नवखी_स्वारी
साबणाच्या पाण्याचं हे कोणी प्रत्यक्ष करून दाखवलं तर फार बरं होईल. आमच्यासारख्यांना वाचून धीर होत नाही.

जुना_चालक
करू की. मेळाव्यात कार्यक्रम काय ठेवायचे हा प्रश्न पुढे येणारच आहे, तर माझ्या मते सगळ्यात चांगला कार्यक्रम हाच. एक दुपार अशी ठेवा की सगळ्यांनी आपापली गाडी उघडी ठेवायची, कोणीही आत येऊन बघायचं. कोणी कपाट कसं केलंय, कोणी बॅटरी कुठे बसवलीये, लोक तासन्‌तास रमतात. शेजारी गॅस तपासणी, मागे गाडी घ्यायचा सराव, आणि जमलं तर चाकाखाली ठेवायचे वजनकाटे आणून प्रत्येक अ‍ॅक्सलचं वजन. नुसतं एकूण वजन मर्यादेत असून भागत नाही, मागच्या अ‍ॅक्सलवर जास्त असू शकतं, आणि बहुतेकांना ते तिथेच पहिल्यांदा कळतं.

स्टेज, माईक, स्पर्धा यांचा भडिमार करू नका. माणसं माणसांना भेटायला येतात. अमेरिकेतली फॅमिली मोटर कोच असोसिएशन १९६३ साली सुरू झाली ती कशी, मेन राज्यातल्या हिंकलीला २० जुलैचं खग्रास सूर्यग्रहण बघायला २६ गाड्या जमल्या, आणि तिथेच ठरलं की संघटना करायची. कार्यक्रम म्हणावा तर आकाशातलं एक ग्रहण आणि भरपूर गप्पा.

दोन_पोरं_एक_गाडी
काका, हे वाचून फार छान वाटलं. +१

गवतावरचा
२६ गाड्या म्हणताय खरं, पण आपला क्लब आज २६ गाड्यांचा नाही. मी परत तेच म्हणतो, लोकांना दार बंद करू नका.

चाकांवरचं_बिऱ्हाड
आम्ही मोजून आलो. लहान मैदानात शंभर मीटरच्या चार रांगा बसतात. गाडीची रुंदी २.३ मीटर आणि मध्ये ६ मीटर धरले तर एका रांगेत बारा गाड्या. म्हणजे ४८. मालकाचे साठ हे रांगेत पंधरा धरून होते, म्हणजे दोन गाड्यांत चार-साडेचार मीटर, ऑनिंग उघडली की जेमतेम दीड मीटर उरतो. मोकळ्या तीन मीटरच्या नियमात ते बसत नाही.

मोठ्या मैदानावरही गेलो होतो. कुदळीने तीन-चार ठिकाणी खणून बघितलं, वरचा थर कडक आहे पण खाली ओल आणि माती मऊ. गेटवर झाडाची फांदी जमिनीपासून तीन मीटरच्या आत आहे, उंच गाड्यांना लागेल.

आता गटातही मत बदललंय, चौघांपैकी तिघं लहान मैदानाला तयार आहेत. पण ४८ म्हणजे निम्म्याहून जास्त लोकांना नाही म्हणायचं, आणि गवतावरचे जे म्हणतात ते मलाही मनापासून पटतं. काय करावं?

लांबलचक
मधला दिवस सगळ्यांना खुला ठेवा. ज्यांना मुक्कामाची जागा मिळाली नाही त्यांनी कार घेऊन दिवसभरासाठी यायचं, गाड्या बघायच्या, भेटायचं, संध्याकाळी परत.

रात्रपाळी
कल्पना चांगली आहे, दोन गोष्टी सांभाळा. कार मैदानाच्या बाहेर लावायच्या, गाड्यांच्या मधल्या सहा मीटरमध्ये एकही कार नको. आणि दिवसभरासाठी शंभर-दीडशे माणसं वाढली तर ती संडासला कुठे जाणार? लोक भीडेखातर आपल्या गाडीतला वापरायला देतात आणि मग काकांचा कॅसेटचा सगळा हिशोब कोलमडतो. त्या दिवसापुरते फिरते संडास भाड्याने आणा आणि पक्क्या रस्त्याला लागून ठेवा, म्हणजे उपसायची गाडी येऊ शकेल.

गवतावरचा
दिवसाचा पर्याय मला मान्य आहे, पण ४८ जागा कोणाला हे ठरवताना "जो पहिला येईल त्याला" करू नका. फोनला चिकटून बसलेले तेच ते लोक सगळ्या जागा घेतील आणि नोकरी करणारे राहतील. आठवडाभर फॉर्म उघडा ठेवा आणि नंतर चिठ्ठ्या काढा. काही जागा नव्यांसाठी बाजूला काढा. आणि ज्यांना या वेळी मिळाली नाही त्यांचा पुढच्या मेळाव्याला पहिला हक्क, हे आत्ताच लिहून द्या.

चाकांवरचं_बिऱ्हाड
हे फार चांगलं सुचवलंत. चिठ्ठ्या आणि पुढचा हक्क, दोन्ही घेतलं.

जुना_चालक
मग आता येण्याच्या दिवसाचं लिहितो, कारण मेळावा बिघडायचा तो पहिल्या चार तासांतच बिघडतो. गेटवर गाडी थांबवून नाव शोधायचं, पावती बघायची, नकाशा द्यायचा, नियम समजावायचे, याला पाच मिनिटं जातात. ४८ गाड्यांचे चार तास. आणि सगळे दुपारी जेवणानंतर पोचतात, म्हणजे वीस गाड्या एकदम रस्त्यावर उभ्या, आठ मीटरची गाडी आणि मधलं अंतर धरून दोनशे मीटरची रांग सार्वजनिक रस्त्यावर. गावातले लोक पहिल्याच दिवशी नाराज.

त्यामुळे गेटवर काहीही करायचं नाही. जागेचा नंबर आधीच कळवलेला, तो कागदावर मोठा लिहून काचेला लावलेला, गेटवरचा माणूस फक्त नंबर बघून हात दाखवणार. कागदपत्र, नियम, बिल्ले, सगळं गाडी लागल्यावर मार्शल (मैदानातला व्यवस्था बघणारा स्वयंसेवक) जागेवर जाऊन करेल. येण्याच्या वेळा तासातासाला वाटून द्या, तासाला दहा-बारा. ज्यांना एकमेकांशेजारी लागायचंय त्यांनी फॉर्ममध्येच तसं लिहावं, गेटवर आल्यावर "आमचे मित्र तिकडे आहेत" हे ऐकायचं नाही, एकासाठी नंबर बदलला की दुपारभर तेच चालतं.

लांब गाड्या आधी बोलवा, रांगा मोकळ्या असताना त्या वळतात, नंतर नाही.

लांबलचक
शेवटच्या ओळीसाठी काकांना साष्टांग नमस्कार.

वायरमन
नंबर जमिनीवर फक्कीने लिहू नका फक्त, पावसात जातो. खुंटीला पाटी ठोका. रात्री अँब्युलन्स बोलवावी लागली तर "तिसरी रांग, सातवी गाडी" एवढं फोनवर सांगता आलं पाहिजे आणि ते बॅटरीच्या उजेडात दिसलं पाहिजे. नकाशा कागदावर छापून प्रत्येक गाडीत द्या, एवढी माणसं एका ठिकाणी आली की मोबाईलचं नेटवर्क झोपतं. मार्शल लोकांकडे वॉकीटॉकी.

नवखी_स्वारी
पाऊस पडला तर? आमची गाडी पुढच्या चाकांवर चालते, ओल्या गवतावर एकदा जागच्या जागी चाकं फिरायला लागली होती.

जुना_चालक
पुढच्या चाकांवर चालणाऱ्या बऱ्याच मोटरहोमचं तसंच होतं, मागचा भाग लांब आणि जड, त्यामुळे पुढच्या चाकांवर वजन कमी. उतार असेल तर तोंड उताराकडे करून लावा, म्हणजे निघताना खाली जायचंय. वर चढायचंच असेल तर मागे घेत चढा, तसं केलं की वजन पुढच्या चाकांवर येतं. चाकं फिरायला लागली की अ‍ॅक्सिलरेटर सोडा, जितकं दाबाल तितका खड्डा खोल. चाकाखाली ठेवायच्या जाळ्या सोबत आणा आणि आपल्या गाडीचा ओढायचा हुक कुठे ठेवलाय तो घरीच शोधून ठेवा, चिखलात उभं राहून शोधू नका.

आयोजकांनी ट्रॅक्टरवाला आधीच बोलून ठेवायचा, शेवटच्या दिवशी सकाळपासून. आणि पाऊस झालाच तर सगळ्यांना एकदम सोडायचं नाही, पक्क्या रस्त्याच्या जवळची रांग आधी. एकाच चाकोरीतून तीस गाड्या गेल्या की एकतिसावी अडकतेच.

दोन_पोरं_एक_गाडी
सांडपाण्याचं राहिलं. "नुसतं साबणाचं पाणी तर आहे" म्हणून लोक गाडीखालचा कॉक उघडून देतात. एका गाडीचे रोजचे ३० लिटर धरले तरी ४८ गाड्यांचे दिवसाला १,४०० लिटर होतात, त्यात अन्नाचे कण, तेल. दुसऱ्या दिवशी वास, माश्या, आणि मुलं त्याच गवतावर लोळत असतात. कॉक बंद, खाली बादली किंवा चाकं असलेला डबा, आणि ठरलेल्या जागीच ओतायचं.

जुना_चालक
अनुमोदन. आणि मालकाला विचारून घ्या की कॅसेटचं पाणी सेप्टिक टँकमध्ये जातं का. जात असेल तर फॉर्मल्डिहाइडवालं औषध चालणार नाही, त्याने टँकमधले जिवाणू मरतात आणि टँक काम करायचं बंद करतो. सगळ्यांना जैविक औषध आणायला आधीच कळवा. आणि जिथे कॅसेट धुतात तो नळ आणि पिण्याच्या पाण्याचा नळ यात अंतर ठेवा, पाट्या लावा. कॅसेट धुवायच्या नळाचा पाईप कोणीतरी पिण्याच्या नळाला नेऊन जोडतो, म्हणून तो नुसता ठेवू नका, तारेने बांधून टाका.

चाकांवरचं_बिऱ्हाड
सगळ्यांचे मनापासून आभार. गटाची बैठक झाली. लहान मैदान नक्की केलंय, ४८ पैकी दोन जागा मार्शलसाठी, चार तब्येतीच्या कारणाने वीज लागणाऱ्यांसाठी, आठ नव्या सदस्यांसाठी, बाकी ३४ चिठ्ठ्यांनी. जनरेटरची रांग चौथी, सकाळ-संध्याकाळ दोन-दोन तास. मधला दिवस सगळ्यांना खुला, कार बाहेर, फिरते संडास सांगितलेत. सेप्टिक टँकच आहे, मालकाला विचारलं, त्यामुळे औषध जैविकच. मेळाव्याचा विमाही काढतोय, तिसऱ्या माणसाला इजा झाली तर भरपाई मिळेल असा, मालकाचीही तीच अट होती.

फॉर्म उद्या रात्री टाकते. स्वयंसेवकांची यादीही करतेय. गेट, मुलांची जागा आणि रात्रीची फेरी यासाठी नावं भराभर आली, पण दुसऱ्या दिवशी सकाळी कॅसेटच्या दोन जागांवर उभं राहून रांग बघायला आणि धुवून घ्यायला अजून चार माणसं हवीत, सहा ते नऊ.

गवतावरचा
माझं नाव लिहा.

नवखी_स्वारी
माझंही चालेल का? चिठ्ठीत नाव आलं नाही तरी सकाळी कार घेऊन येईन.

चाकांवरचं_बिऱ्हाड
चालेल म्हणजे काय, धावेल! पण नवीन आठांत तुमचं नाव मी आत्ताच घेतलंय. दोन झाले, अजून दोन.

लांबलचक
तिसरा मी. हातमोजे आणि लांब ब्रश माझ्याकडे आहेत, घेऊन येतो.